नव्याने जोडलेला संगणक सुरू होत नाही तेव्हा

श्रोतेहो, विहिरीवरची मोटार एकाएकी सुरू होईनाशी झाली तर शेतकरी काय करतो, हे मी तुम्हांला सांगायला नको. तो लगेच मोटार वर काढत नाही. आधी घरात दिवा लागतो का ते पाहतो. मग डीपीवरचा फ्यूज, मग तिन्ही फेज आहेत का, मग स्टार्टर, मग केबल. हे सगळे ठीक निघाले तरच तो मोटारीकडे वळतो. वीज ज्या वाटेने येते त्याच वाटेने तो पाहत पाहत जातो. हे शहाणपण त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेले नाही. मोटार वर काढायची म्हणजे चार माणसे लागतात, दिवस मोडतो, वाइंडिंगवाल्याचे पैसे द्यावे लागतात. तेव्हा ते अंगी येतेच.

आता गंमत पाहा. हाच माणूस, किंवा त्याचा कॉलेजात शिकणारा मुलगा, सुटे भाग आणून जोडलेल्या नव्या संगणकापुढे बसतो, बटण दाबतो, संगणक ढिम्म राहतो आणि घरातले हे शहाणपण त्या क्षणी कुठल्या कुठे जाते. "मदरबोर्ड गेला" असा निकाल दोन मिनिटांत लागतो. खटला चालण्यापूर्वीच शिक्षा!

सुटे भाग आणून संगणक जोडण्याची हौस आता खेड्यापाड्यांतल्या शाळांपर्यंत पोचली आहे, आणि ती चांगली आहे. भाग मोजकेच असतात. सगळे ज्यावर बसते तो मदरबोर्ड. हिशेब करणारा प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा पंखा. तात्पुरती स्मृती, म्हणजे रॅम. कायमची साठवण, म्हणजे डिस्क. भिंतीतल्या विजेचे संगणकाला झेपेल अशा विजेत रूपांतर करणारा डबा, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात. आणि हे सगळे पोटात घेणारे कॅबिनेट. काही संगणकांत चित्रासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून हे भाग आणा की घरपोच मागवा, जोडायला एक दुपार पुरते. प्रश्न येतो तो संध्याकाळी बटण दाबल्यावर.

या ठिकाणी एक भेद नीट लक्षात घेतला पाहिजे. दोन वर्षे चालत असलेला संगणक एके दिवशी बंद पडला, तर त्यात काहीतरी बिघडले असे समजायला आधार असतो. काल तो चालत होता, आज चालत नाही. नव्या संगणकाला असा काल नसतो. तो एकदाही चाललेला नाही. म्हणून त्याच्याबाबत "काय बिघडले" हा पहिला प्रश्न नव्हे. "काय जोडायचे राहिले" हा पहिला प्रश्न. कारखान्यातून सदोष आलेले भाग नसतात असे नाही, पण राहून गेलेली जोडणी, अर्धवट बसलेला भाग आणि एकमेकांशी न जुळणारे भाग ही कारणे त्याहून कितीतरी अधिक वेळा आढळतात.

एका माध्यमिक शाळेत काय झाले ते सांगतो. गाव कोणते हे महत्त्वाचे नाही. लोकवर्गणीतून भाग आणले. विज्ञानाच्या सरांनी दहावीच्या दोन मुलांना हाताशी घेऊन शनिवारी संगणक जोडला. बटण दाबल्यावर पंखे फिरले, कॅबिनेटमधला निळा दिवा लागला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण पडदा काळाच. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर कॅबिनेट मांडीवर धरून तालुक्याला नेले. तिथल्या दुरुस्तीवाल्याने झाकण न काढताच सांगितले, "बोर्ड गेलाय, सर." नवा बोर्ड मागवला. आठवड्याने आला, बसवला. पंखे फिरले, दिवा लागला, पडदा पुन्हा काळा. मग रॅमवर संशय गेला. तीही दुसरी आणायची असे ठरत असता शाळेचा एक जुना विद्यार्थी सुटीवर गावी आला होता, त्याने झाकण काढले आणि विचारले, "सर, हे कोपऱ्यातलं आठ भोकांचं सॉकेट रिकामं कसं?" त्या सॉकेटात बसायची वायर कॅबिनेटच्या मागल्या बाजूला, पत्र्याआड, रबराने गुंडाळलेली होती. ती पुढे ओढून बसवली आणि पडद्यावर अक्षरे उमटली. पहिला बोर्डही चांगला होता आणि दुसराही. दुसरा आता परत घ्यायला दुकानदार तयार होईना, कारण खोके फुटलेले. पुढच्या वर्षी आणखी एक संगणक घेण्यासाठी बाजूला ठेवलेली वर्गणी त्या बोर्डात गेली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

हे सॉकेट वेगळे का असते, तेही सांगून टाकतो. एसएमपीएसमधून चोवीस पिनांची एक रुंद वायर मदरबोर्डाला येते. ती बसवली की बोर्डाला वीज मिळाली असे कुणालाही वाटेल. परंतु प्रोसेसरची भूक वाढत गेली, तशी त्याच्यासाठी वेगळी वाट काढावी लागली. पेंटियम ४ च्या काळापासून, म्हणजे २००० सालापासून, प्रोसेसरशेजारी चार पिनांचे वेगळे सॉकेट येऊ लागले. आता ते बहुधा आठ पिनांचे असते, मोठ्या बोर्डांवर त्याहून अधिक. ते रिकामे राहिले तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण प्रोसेसर उपाशीच. ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला अगदी अशीच असते. मात्र तिच्या पिनांचे आकार निराळे आहेत. ती इथे सहज बसत नाही आणि बळजबरीने बसवू नये.

तर आता आपल्या मोटारीच्या पद्धतीने, विजेच्या वाटेने जाऊ.

बटण दाबल्यावर काहीच होत नाही, पंखा हलत नाही, दिवा लागत नाही, अशी स्थिती असेल तर भिंतीपासून सुरुवात करावी. त्या सॉकेटात मोबाईलचा चार्जर लावून पाहावा. एक्स्टेन्शन बोर्डाचे बटण पाहावे. मग एसएमपीएसच्या मागे एक छोटे बटण असते. त्यावर उभी रेघ म्हणजे चालू आणि गोल म्हणजे बंद. हसू नका, चांगली शिकलेली माणसे या गोलाने तासन् तास अडवलेली आहेत. त्यानंतर चोवीस पिनांची वायर: ती ताठ असते, अंगठ्याने बऱ्यापैकी दाबावी लागते, आणि तिची आकडी टक् करून अडकली पाहिजे.

हे झाले की कॅबिनेटच्या बटणाची पाळी. ते बटण म्हणजे काही विजेचा मोठा खटका नव्हे. त्यापासून दोन बारीक वायरी निघतात आणि बोर्डाच्या खालच्या कडेला असलेल्या इवल्याशा पिनांच्या रांगेत दोन पिनांवर बसतात. बटण दाबले की त्या दोन पिना क्षणभर जोडल्या जातात, आणि बोर्ड एसएमपीएसला "जागा हो" म्हणतो. इतकेच. वायरी चुकून शेजारच्या पिनांवर, रीसेटच्या, बसल्या तर संगणक जागा होणार नाही. बोर्डाबरोबर आलेल्या पुस्तिकेत या पिनांचा नकाशा असतो. बटणाच्या वायरी उलटसुलट झाल्या तरी चालते. दिव्यांच्या मात्र उलट्या झाल्या तर दिवा लागत नाही. बटणाचाच संशय असेल तर त्याच्या वायरी काढून त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवावे. तिथे व्होल्टेज अगदी अल्प असते, धोका नाही. पण टोक त्या दोनच पिनांना लागले पाहिजे. संगणक सुरू झाला तर दोष बटणाचा किंवा त्याच्या वायरींचा.

एसएमपीएस चांगला आहे का हे पाहण्यासाठी काही जण हिरवी वायर आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडून तो एकटाच सुरू करतात. युक्ती खरी आहे, पण शाळेत मी ती करू देणार नाही. हल्ली पुष्कळ एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या येतात, आणि चुकीच्या भोकात तार जायला वेळ लागत नाही. ओळखीच्या कुणाचा चालता एसएमपीएस तासभर मागून आणावा हे बरे. तसे करताना मात्र त्याच्या वायरी त्याच्याबरोबरच आणाव्यात. काही एसएमपीएसच्या वायरी सुट्या निघतात, पण एका कंपनीच्या वायरी दुसरीच्या डब्याला लावू नयेत. टोके बसली तरी आतला क्रम निराळा असतो आणि चांगली डिस्क जळते. आणि एसएमपीएसचा डबा खोलायचा नाही, प्लग काढलेला असला तरी नाही. त्याच्या आतील कॅपॅसिटरवर तीनशे व्होल्टांहून अधिक भार साठतो आणि वीज तोडल्यावरही तो काही काळ राहू शकतो.

दुसरी स्थिती अशी, की पंखा अर्धी फेरी फिरतो आणि थांबतो. ही स्थिती मला त्यातल्या त्यात समाधानाची वाटते, कारण इथे यंत्र स्वतः काहीतरी सांगत असते. एसएमपीएसला कुठेतरी शॉर्ट लागला की तो स्वतःला बंद करून घेतो, जसा आपल्या घरातला एमसीबी पडतो. नव्या संगणकात अशा वेळी बोर्डाच्या पाठीमागे पाहावे. बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू नये म्हणून खाली पितळी खुंट्या असतात. निरनिराळ्या आकारांच्या बोर्डांना त्या निरनिराळ्या जागी लागतात. एखादी खुंटी जिथे बोर्डाला भोकच नाही अशा जागी राहिली, किंवा एखादा पडलेला स्क्रू मागे अडकला, की शॉर्ट होतो. सरळ उपाय म्हणजे बोर्ड बाहेर काढून ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला त्या खोक्यावर ठेवणे आणि तिथे तो सुरू करून पाहणे. खोक्यावर चालला आणि कॅबिनेटमध्ये चालत नाही, म्हणजे गुन्हेगार कॅबिनेटमध्ये आहे.

तिसरी स्थिती शाळेच्या हकिकतीतली: सगळे फिरते, पडदा काळा. इथे संगणक सुरू होताना आत काय होते ते कळले पाहिजे. शिक्षक बंधुभगिनींना ते लगेच कळेल, कारण ती हजेरी असते. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीपासून ही पद्धत आहे: वीज मिळाली की यंत्र कामाला लागण्यापूर्वी आपल्या सगळ्या भागांची हजेरी घेते. प्रोसेसर आहे? रॅम आहे? चित्र दाखवणारा आहे? डिस्क आहे? सगळे हजर असतील तर पूर्वी एकच आखूड 'बीप' ऐकू येई. कुणी गैरहजर असेल तर निराळ्या बीपांतून ते कळे. आता बीप वाजवणारा छोटा स्पीकर बहुतेक कॅबिनेटांबरोबर येत नाही. पण तो अगदी थोड्या पैशांत मिळतो आणि शाळेने तो जरूर घ्यावा. बऱ्याच नव्या बोर्डांवर त्याऐवजी चार बारीक दिवे असतात, आणि ज्याची हजेरी अडली त्याच्या नावापुढचा दिवा तसाच लागून राहतो. अंधारात मुलाने त्या दिव्यावर बोट ठेवले की अर्धे काम झाले.

रॅमचा दिवा लागून राहिला तर घाबरू नये. रॅमची पट्टी पूर्ण बसण्यासाठी जितका जोर लागतो तितका लावायला नवखा माणूस भितो. दोन्ही टोके खाली गेली पाहिजेत आणि आकडी आपोआप बंद झाली पाहिजे. चार खाचा असतील आणि पट्टी एकच असेल तर ती बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत बसवायची असते, पहिल्या नव्हे. पुस्तिकेत पाहून घ्यावे. आणखी एक गोष्ट. डीडीआर५ जातीची रॅम असलेला संगणक पहिल्यांदा सुरू होताना आपल्या रॅमशी जुळवून घ्यायला काही मिनिटे घेतो, आणि तेवढा वेळ पडदा काळा असतो. एएमडीच्या २०२२ पासूनच्या बोर्डांवर हा अनुभव विशेष येतो. अधीर माणूस दर मिनिटाला वीज तोडतो आणि ती जुळवाजुळव दर वेळी पहिल्यापासून सुरू होते. अशा वेळी पंधरा मिनिटे हात मागे बांधून बसावे, चहा प्यावा.

चित्राचा दिवा लागून राहिला किंवा सगळे दिवे विझूनही पडदा काळा राहिला, तर मॉनिटरची वायर कुठे लावली आहे ते पाहावे. ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. कार्ड नसेल तर प्रोसेसरला चित्र काढता येते का हे विचारावे लागते. सगळ्यांना येत नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात आकड्यांनंतर 'एफ' आहे, त्यात चित्राची सोय नाही. एएमडीच्या जुन्या रायझन प्रोसेसरांत नावाच्या शेवटी 'जी' असेल तरच ती असे. 'एफ'चा प्रोसेसर किंचित स्वस्त मिळतो, दुकानदार तोच पुढे करतो, आणि कार्डाशिवाय तो घेतला की त्या संगणकावर जन्मात चित्र येणार नाही. यात बिघाड कुठेच नाही. सगळे भाग निर्दोष आहेत, फक्त त्यांची सोयरीक चुकलेली आहे.

सोयरीक चुकण्याचा दुसरा प्रकार वयातल्या अंतराचा. बोर्ड दुकानाच्या कपाटात वर्षभर पडून असतो, प्रोसेसर गेल्या महिन्यात बाजारात आलेला असतो. सॉकेट जुळते, पण बोर्डातील बायोस नावाच्या मूळ आज्ञावलीला या नव्या पाहुण्याची ओळखच नसते. हजेरीपटात नावच नाही, मग हजर कसा म्हणणार! २०१८ साली एएमडीने नवे प्रोसेसर आणले तेव्हा ही अडचण इतक्या लोकांना आली, की बायोस अद्ययावत करून घेण्यापुरता एक जुना प्रोसेसर कंपनी ग्राहकांना उसना देत असे. आता काही बोर्डांवर अशी सोय असते, की प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्ह लावून बायोस बदलता येते. ती नसेल तर दुकानदाराकडून भाग घेतानाच हे काम करून घ्यावे, आणि तसे बिलावर लिहून घ्यावे.

एवढे करूनही पत्ता लागला नाही तर सगळे काढून टाकावे. बोर्ड, प्रोसेसर आणि त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी, एसएमपीएस, मॉनिटर. लागत असेल तर ग्राफिक्स कार्ड. डिस्क नको, माऊस नको, रंगीत दिवे तर नकोतच. एवढे चालले की एकेक वस्तू जोडावी आणि दर वेळी सुरू करून पाहावे. प्रत्येक जोडणीपूर्वी भिंतीतला प्लग काढावा, आणि बोर्डाला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. एका वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केले आणि संगणक सुरू झाला तर आनंद होतो, पण कशाने झाला ते कळत नाही.

ही रीत नवी नाही. आपल्याच मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक संगणक स्वतः बांधला. त्याला पुढे १९६२ साली 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्यात निर्वात नळ्याच सुमारे २७०० होत्या. पण त्या मंडळींनी एकदम तो डोंगर उभा केला नाही. आधी एक लहान नमुना-यंत्र बांधले, ते १९५६ मध्ये चालते केले, त्यावर हात बसवला, आणि मग मोठे यंत्र १९६० साली कामाला लावले. आपल्यापुढे तर आठच भाग आहेत.

थोडे विजेविषयीही बोलतो, कारण शहरात लिहिलेल्या पुस्तिकांत ते नसते. संध्याकाळी गावात सगळ्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज इतके उतरते की दिवे लाल दिसू लागतात. अशा वेळी चांगला एसएमपीएसही उठत नाही किंवा मध्येच मान टाकतो. सकाळी तोच संगणक बिनतक्रार चालतो. तेव्हा निकाल देण्यापूर्वी वायरमनकडून व्होल्टेज मोजून घ्यावे. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर शाळेच्या खोलीला अर्थिंग नाही किंवा तुटले आहे असे समजावे. त्याने संगणक अडत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. मुले हात लावणार असतील तिथे ते दुरुस्त होईपर्यंत यंत्र बंद ठेवावे हे माझे स्पष्ट मत आहे.

समजा, शेवटी पडदा उजळला आणि त्यावर इंग्रजीत असे आले, की सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. पुष्कळांचे चेहरे इथे पुन्हा उतरतात. उतरू नयेत. हजेरी पूर्ण झालेली आहे, यंत्र निरोगी आहे; नवी डिस्क कोरी असते आणि तिच्यावर लिनक्स किंवा विंडोज अजून चढवलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि खरोखरच एखादा भाग सदोष निघाला तर? निघतोही. मग दुकानात जाण्यापूर्वी कोणती जोडणी करून पाहिली, कोणता दिवा लागून राहिला, किती बीप वाजले, ते तारखेसह वहीत लिहून न्यावे. दुकानदाराशी वाद अर्ध्यावर येतो. परत देण्याची मुदत बिलावर पाहावी, ती काही ठिकाणी थोड्याच दिवसांची असते. मदरबोर्ड परत द्यायचा असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. इंटेलच्या आणि एएमडीच्या नव्या बोर्डांवर प्रोसेसरच्या सॉकेटात केसासारख्या बारीक पिना असतात. एक जरी वाकली तरी "तुमच्याकडून झाले" म्हणून हमी नाकारली जाते. त्या पिनांवर विकत घेताना प्लॅस्टिकचे एक छोटे झाकण असते, आणि प्रोसेसर बसवताना ते निघून हातात येते. मुले ते कचऱ्यात टाकतात. ते बिलाबरोबर पाकिटात घालून शाळेच्या कपाटात ठेवावे, आणि बोर्ड परत पाठवताना प्रोसेसर काढल्याबरोबर पुन्हा त्या सॉकेटावर बसवावे.